स्वमग्न मुलाची रात्र: झोपेची घडी बसवण्याची पायरीपायरीने पद्धत

मूल रात्री उशिरापर्यंत झोपत नसेल तर बहुतेक घरांत पहिला उपाय ठरलेला असतो: उद्यापासून त्याला आणखी लवकर अंथरुणात घालायचं. गोष्टी बिघडतात त्या इथून. झोप यायच्या दीड-दोन तास आधी अंथरुणात घातलेलं मूल तिथे काय करणार? लोळतं, उड्या मारतं, एकच वाक्य शंभर वेळा म्हणतं, पाणी मागतं, रडतं. महिनाभरात अंथरूण म्हणजे झोपायची जागा हे त्याच्या डोक्यातून पुसलं जातं आणि अंथरूण म्हणजे ओढाताणीची जागा हे पक्कं होतं. स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं एकदा जुळलेल्या जोड्या सहजी सोडत नाहीत, त्यामुळे ही चुकीची जोडीही त्यांच्यात खोल रुजते. मात्र त्याच स्वभावामुळे नीट बसलेली घडी ती स्वतःच जपतात. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

झोपेची तक्रार स्वमग्न मुलांपैकी साधारण ५० ते ८० टक्के मुलांत आढळते; इतर मुलांत हे प्रमाण २५ ते ४० टक्क्यांच्या आसपास असतं. कारणं एकात एक गुंतलेली असतात. अंधार पडल्यावर मेंदूतली पीनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं; काही स्वमग्न मुलांत हे मेलाटोनिन कमी प्रमाणात आढळलं आहे. कानांना आणि त्वचेला बारीकसारीक गोष्टीही तीव्रपणे जाणवतात. चिंता असते. आणि पोट दुखतंय, पाय शिवशिवताहेत हे सांगायला शब्द नसतात, म्हणून ते सगळं 'झोपत नाही' या एकाच तक्रारीत जमा होतं.

आधी शरीर तपासून घ्या

दुखणारं मूल कोणत्याही वेळापत्रकाने झोपणार नाही. त्यामुळे सवयींना हात लावण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे पुढच्या गोष्टींची खात्री करून घ्या.

बद्धकोष्ठ सगळ्यात जास्त सुटून जातं. मूल रोज शौचाला जातं म्हणून ते नाही असं समजू नका. रोज थोडं थोडं बाहेर पडतं आणि बाकीचं साठून राहतं असंही होतं. घशाशी येणारं आम्ल आडवं झाल्यावर वाढतं: मूल अंथरुणात पडताच कण्हतं, पाठ कमानीसारखी वाकवतं, बसून झोपायचा प्रयत्न करतं. बहुतेक रात्री घोरणं, तोंडाने श्वास घेणं, श्वास मध्येच थांबून दचकणं, मान मागे टाकून झोपणं, झोपेत खूप घाम येणं ही लक्षणं असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या ग्रंथी) पाहून घ्या. दात किडलेला असू शकतो, कान दुखत असू शकतो, त्वचेला खाज असू शकते.

पायांकडे विशेष लक्ष द्या. झोपताना पाय झाडणं, भिंतीवर घासणं, कुणीतरी पाय दाबावेत असा हट्ट, रात्रभर अंथरुणाची उलथापालथ, यामागे शरीरातला लोहाचा साठा कमी असणं हे कारण असू शकतं. खाण्यात फार निवड करणाऱ्या मुलांत ही शक्यता वाढते. नुसतं हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनची रक्ततपासणी लागते. ते ५० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरपेक्षा कमी असेल आणि पायांची लक्षणं असतील, तर डॉक्टर सहसा लोह सुरू करण्याचा विचार करतात. ताप किंवा संसर्ग चालू असताना ही तपासणी करू नका. अशा वेळी फेरिटिन वाढलेलं दिसतं आणि कमतरता झाकली जाते. लोहाचं औषध मनाने देऊ नका. ते जास्त झालं तर विषारी ठरतं, आणि त्याने बद्धकोष्ठही होतं, म्हणजे एका कारणाच्या जागी दुसरं येऊन बसतं.

फिट येण्याचं प्रमाण स्वमग्न मुलांत इतरांपेक्षा जास्त असतं. रात्री एकाच प्रकारची हालचाल पुन्हा पुन्हा होणं, अंग ताठ होणं, जीभ चावली जाणं, पूर्वी होत नसताना अंथरूण ओलं होणं असं काही दिसलं तर मोबाइलवर चित्रण करा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. तुम्ही कितीही नीट वर्णन केलं तरी अर्ध्या मिनिटाचं चित्रण जास्त सांगून जातं.

चालू असलेल्या औषधांची यादी वेळेसकट डॉक्टरांसमोर ठेवा. अतिचंचलतेवरची उत्तेजक औषधं दुपारनंतर घेतली तर झोप लांबते; कधी कधी नुसती वेळ बदलून प्रश्न सुटतो. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट यांतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणून ते दुपारनंतर नको.

चौदा रात्रींची वही

दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा. हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि बहुतेक जण चौथ्या दिवशी सोडून देतात, पण पुढचा प्रत्येक निर्णय या आकड्यांवरच घ्यायचा आहे. आठवणीवर विसंबलात तर सगळ्यात वाईट रात्रच 'रोजची' वाटू लागते.

रोज इतकंच नोंदवा: अंथरुणात कधी घातलं, प्रत्यक्ष झोप कधी लागली, झोप लागताना खोलीत काय काय होतं (कोण शेजारी होतं, दिवा, आवाज, हातात काय), रात्री किती वेळा आणि किती वेळ जाग आली, त्या वेळी तुम्ही काय केलंत, सकाळी कधी उठलं, दिवसा कुठे डुलकी लागली. गाडीत लागलेली दहा मिनिटांची डुलकीसुद्धा लिहा. पोट साफ झालं का, दिवस नेहमीपेक्षा वेगळा होता का, याला एक-एक शब्द पुरे.

चौदा दिवसांनी तीन सरासरी काढा: झोप लागण्याची वेळ, उठण्याची वेळ, आणि रात्रीची जाग वजा करून चोवीस तासांतली एकूण झोप. ही बेरीज वयाशी ताडून पाहा. डुलक्या धरून १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. एखादं मूल खालच्या टोकाला असूनही दिवसभर ताजंतवानं असेल, तर त्याची गरजच तेवढी आहे. त्याला जबरदस्तीने बारा तास अंथरुणात ठेवलं तर उरलेले तीन तास ते जागंच राहणार, आणि तुम्हीही.

उठण्याची वेळ बांधा, झोपण्याची आधी लांबवा

मुलाला अमुक वाजता झोपवणं कुणाच्या हातात नसतं. अमुक वाजता उठवणं असतं. म्हणून सुरुवात सकाळपासून करायची. उठण्याची एक वेळ ठरवा आणि सुट्टीच्या दिवशीही ती अर्ध्या तासापेक्षा जास्त हलू देऊ नका. उठल्यावर लवकरात लवकर वीस-तीस मिनिटं उजेडात, शक्य असेल तर घराबाहेर न्या. सकाळचा उजेड शरीरातलं घड्याळ अलीकडे ओढतो, त्यामुळे रात्री झोपही लवकर येऊ लागते.

आता झोपण्याची वेळ. ती वहीवरून ठरते, घड्याळाकडे बघून नाही. समजा आठ वर्षांच्या मुलाला तुम्ही रोज ९ वाजता अंथरुणात घालता आणि झोप सरासरी १०.४५ला लागते. तर पहिल्या रात्रीची अंथरुणात जायची वेळ १०.४५ अधिक अर्धा तास, म्हणजे ११.१५. हो, नेहमीच्या वेळेपेक्षा सव्वादोन तास उशिरा. तोवर मूल अंथरुणाबाहेर, मंद उजेडात, शांत खेळात राहील, पण डुलकी घेणार नाही. ११.१५ला ते इतकं पेंगुळलेलं असेल की पाठ टेकल्यावर काही मिनिटांत झोपेल. नेमकं तेच हवं आहे: अंथरूण आणि झोप यांची मोडलेली जोडी पुन्हा जुळवायची आहे.

पुढे नियम असा. लागोपाठ दोन रात्री वीस मिनिटांच्या आत झोप लागली, तर तिसऱ्या रात्री वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर मुलाला उठवून अर्धा तास शांत बसवा, मग पुन्हा अंथरुणात न्या आणि दुसऱ्या दिवशीची वेळ १५ मिनिटं पुढे ढकला. सकाळी मात्र ठरलेल्या वेळीच उठवा. वरच्या मुलाला ११.१५पासून ९.३०पर्यंत यायला सात पायऱ्या लागतात. कागदावर हे दोन आठवड्यांचं काम दिसतं, प्रत्यक्षात चार ते सहा आठवडे धरून चला. सकाळी ६.३०ला उठणाऱ्या मुलाला ९.३०ची झोप म्हणजे पूर्ण नऊ तास होतात.

ही पद्धत नवी नाही. तिचं मूळ रूप १९९१ साली प्रसिद्ध झालं, तेही विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांवरच्या कामातून. त्यात वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने हलवली जाई. घरच्या घरी १५ मिनिटांचं पाऊल जास्त झेपतं.

इथे काय चुकतं? पहिलं, सकाळची दया. 'रात्री उशिरा झोपलाय, झोपू दे' म्हणून दोन तास जास्त झोपू दिलं की रात्रीसाठी साठणारी पेंग सकाळीच खर्च होते आणि गाडं मूळ जागी येतं. दुसरं, संध्याकाळची डुलकी; चार वाजल्यानंतरची पाच मिनिटंही महागात पडतात, तेव्हा गाडीतून परत येताना मुलाला बोलतं ठेवा, खिडकी उघडा. तिसरं, घाई: एक रात्र छान गेली की थेट तासभर अलीकडे येण्याचा मोह. झोप यायच्या आधीचे दोन-तीन तास शरीर उलट जास्त सतर्क असतं, म्हणून घाईने आणलेली वेळ नेमकी त्या सतर्क तासांत जाऊन पडते.

एक सावधगिरी: मुलाला फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पद्धत सुरू करू नका. झोप कमी झाली की फिट येण्याचा धोका वाढतो.

खोली

रात्री झोपायच्या वेळी मुलाच्या जागेवर स्वतः दहा मिनिटं आडवे पडा. दिवा बंद करा आणि ऐका. पंख्याची टकटक, फ्रिजची घरघर, चार्जरचा निळा ठिपका, पडद्याच्या फटीतून हलणारा प्रकाश, धुतलेल्या चादरीचा वास. मोठ्या माणसाला जे जाणवतही नाही ते या मुलाला जागं ठेवायला पुरेसं असतं. ठिपक्यावर चिकटपट्टी लावा, फट कापडाने बुजवा. बाहेरचे आवाज थांबवता येत नसतील, तर पंख्यासारखा एकसुरी आवाज रात्रभर चालू ठेवा. रात्रभर म्हणजे रात्रभर. तासाने बंद होणारा आवाज स्वतःच जाग आणतो. खोली थोडी थंड बरी.

कपड्यांची लेबलं कापा, शिवण टोचत असेल तर कपडा उलटा घाला. काही मुलांना सैल कपडा सहन होत नाही, काहींना घट्ट. नवी चादर, नवा साबण आणि नवा रात्रीचा कपडा एकाच आठवड्यात आणू नका.

वजनदार पांघरुणाबद्दल फार बोललं जातं. ब्रिटनमध्ये ६७ स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा पांघरुणाने झोपेचे तास वाढले नाहीत, झोपही लवकर लागली नाही. मुलांना आणि आईवडिलांना मात्र ते साध्या पांघरुणापेक्षा आवडलं. आमचं मत: मुलाला आवडत असेल तर वापरा, त्यासाठी कर्ज काढू नका. वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं, मुलाला ते स्वतःच्या हाताने सहज फेकता आलं पाहिजे आणि डोक्यावर कधीही घ्यायचं नाही. तीन वर्षांखालच्या, श्वासाचा त्रास असलेल्या किंवा फिट येणाऱ्या मुलासाठी ते नकोच.

शेवटचा पाऊण तास

झोपेआधी तासभर पडदे बंद: टीव्ही, मोबाइल, टॅब सगळे. पडद्याचा उजेड मेलाटोनिन रोखतो हे खरं, पण या मुलांच्या बाबतीत त्याहून मोठी अडचण म्हणजे आवडता व्हिडिओ मध्येच थांबवणं. तो संघर्ष झोपेच्या दारात नको, तासभर आधीच उरकून टाका. घरातले मोठे दिवे मालवून एखादा पिवळसर मंद दिवा ठेवा.

मग क्रम. पाच किंवा सहा कृती, रोज त्याच, त्याच ओळीने: शौचालय, दात, कपडे, पुस्तक, दिवा, अंथरूण. या कृतींची चित्रं उभ्या पट्टीवर चिकटवा; एकेक कृती झाली की मुलाने ते चित्र काढून 'झालं'च्या डबीत टाकायचं. रेखाचित्रं कळत नसतील तर तुमच्याच घरातल्या ब्रशचा, तुमच्याच अंथरुणाचा फोटो लावा. फोटोही कळत नसेल तर वस्तूच हातात द्या: ब्रश दिला की दात, उशी दिली की झोप. बोला कमी. 'आता दात' हे दोन शब्द पुरतात. समजावणीची पाच वाक्यं मुलाला पुन्हा जागं करतात.

ओळ लावताना त्रासदायक कृती आधी आणि सुखाची नंतर. दात घासणं हे अनेक मुलांसाठी युद्ध असतं, तेव्हा ते पहिलं उरका. आंघोळीने सगळी मुलं शांत होतात असं नाही. पाण्यात गेल्यावर जे चेकाळतं त्याची आंघोळ संध्याकाळवर न्या. आवडीच्या विषयाचंही तसंच. रेल्वेचं वेळापत्रक वाचून एक मूल शांत होईल, दुसरं मध्यरात्रीपर्यंत गाड्या मोजत बसेल. वही सांगेल तुमचं मूल कोणतं.

शेजारी कुणी नसताना झोप लागणं

रात्री झोपेचं एक चक्र संपून दुसरं सुरू होताना प्रत्येक माणूस क्षणभर जागा होतो. आजूबाजूला सगळं जसंच्या तसं असेल तर कूस बदलून पुन्हा झोपतो. झोप लागताना आईचा हात पाठीवर होता आणि दोन वाजता तो नाही, म्हणजे मुलाच्या दृष्टीने जग बदललं. ते पूर्ण जागं होणारच. अकरा वाजताचं थोपटणं आणि दोन वाजताचं रडणं या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. झोप लागतानाची सवय सुटली की मध्यरात्रीची जाग पुष्कळदा आपोआप कमी होते.

सगळे एकाच खोलीत, अगदी एकाच अंथरुणात झोपत असाल आणि सगळ्यांची झोप होत असेल, तर हा भाग सोडून पुढे जा. त्यात बिघडलेलं काही नाही. बदल करायचा तो झोप मोडत असेल तरच, आणि वर सांगितलेली वेळ जुळल्यानंतर; दोन्ही एकदम नको.

हात काढायचा तो टप्प्याटप्प्याने. थोपटणं थांबवून हात नुसता पाठीवर ठेवा: तीन रात्री. मग हात गादीवर, अंगाला न लागता: तीन रात्री. मग शेजारी खुर्ची. मग खुर्ची खोलीच्या मध्यावर, मग दाराशी, मग दाराबाहेर पण दिसेल अशी, मग दिसणार नाही अशी. प्रत्येक जागी निदान तीन रात्री, आणि झोप सहज लागू लागल्यावरच पुढची जागा. खुर्चीवर बसून बोलायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. मूल उठून आलं तर एका ठरलेल्या वाक्याने परत नेऊन झोपवायचं, त्याच स्वरात, दहा वेळा आलं तरी.

पहिल्या तीन-चार रात्री रडणं वाढतं. जे इतके दिवस मिळत होतं ते मिळेनासं झालं की मूल जास्त जोर लावून मागतं, आणि नेमकं याच वेळी बहुतेक घरं हार मानतात. चाळीस मिनिटं रडल्यावर हात पाठीवर आला, तर मूल इतकंच शिकतं की चाळीस मिनिटं रडावं लागतं. म्हणून सुरुवात अशा आठवड्यात करा ज्यात पाहुणे, प्रवास, परीक्षा काही नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आधी होकार दिला पाहिजे. मन घट्ट होत नसेल तर टप्पा आणखी लहान करा, पण घेतलेला टप्पा मागे घेऊ नका. याला एकच अपवाद: मूल स्वतःला इजा करत असेल, उलटी करत असेल किंवा आजारी असेल तर थांबा.

देवाणघेवाण कळणाऱ्या मुलाला 'एक चिठ्ठी'ची युक्ती चालते. झोपताना त्याच्या हातात एक कार्ड द्या. ते देऊन रात्रीत एकदा काहीही छोटं मागता येईल, पाणी, मिठी, शौचालय. कार्ड संपलं की मागणी संपली. सकाळपर्यंत कार्ड उरलं तर त्याच्या बदल्यात आवडीचं काहीतरी लगेच द्या. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली तर दोन्हींचा संबंध तुटतो.

मध्यरात्र आणि पहाटे चार

मूल रात्री उठलं की दिवा लावू नका, खायला देऊ नका, खेळू नका. शौचालयाला नेऊन परत अंथरुणात. हसतं-खिदळतं जागं झालेलं मूल गोड दिसतं, पण पहाटे तीनला तुम्ही हसलात की तो खेळ झाला.

पहाटे चारला उठून बसणाऱ्या मुलाला 'अजून रात्र आहे' हे शब्दांत पटत नाही, खूण लागते. टायमर लावलेला छोटा दिवा ठेवा: दिवा लागला की सकाळ. इथली चूक ठरलेली असते. पहिल्याच दिवशी दिवा सहाला लावतात, मूल चारला उठतं, दोन तास अंधारात बसतं आणि दिव्याला काही अर्थ उरत नाही. त्याऐवजी ४.१०ला उठणाऱ्या मुलाचा दिवा पहिल्या आठवड्यात ४ वाजता लागू द्या, म्हणजे ते उठेल तेव्हा दिवा लागलेलाच असेल आणि दोन्हींची सांगड बसेल. मग दर तीन दिवसांनी दहा मिनिटं पुढे न्या. पहाटेचा नाश्ता किंवा मोबाइल हे लवकर उठण्याचं बक्षीस ठरतं. ते दिवा लागल्यानंतरच.

झोप लागल्यावर पहिल्या तीन तासांत मूल किंचाळत उठतं, डोळे उघडे असतात पण ओळखत नाही, सकाळी आठवत नाही, असं असेल तर ते वाईट स्वप्न नव्हे. गदागदा हलवून जागं करू नका, हाका मारू नका. इजा होणार नाही एवढं बघा आणि ओसरू द्या. रोज ठरावीक वेळी होत असेल, तर त्या वेळेच्या १५ ते ३० मिनिटं आधी हलकेच, किंचित चाळवेल इतपत उठवा आणि पुन्हा झोपू द्या. हे दोन ते चार आठवडे रोज करा.

रात्री उठून घरभर फिरणाऱ्या मुलासाठी बाहेरच्या दाराला वर, हात पोचणार नाही तिथे कडी आणि दार उघडताच वाजणारी घंटी लावा. खिडक्यांना अडसर, कपाटं भिंतीला स्क्रूने पक्की, औषधं आणि काडेपेटी कुलपात, गॅस मुख्य नळीपाशी बंद. मुलाला खोलीत बाहेरून कडी घालून मात्र ठेवू नका; आग लागली तर तीच कडी जीव घेते.

मेलाटोनिन

अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये क्रम स्पष्ट आहे: आधी शरीरातली कारणं आणि चालू औषधं पाहा, मग सवयींवरचे उपाय करा, आणि ते पुरेसे ठरले नाहीत तर मेलाटोनिन. सुरुवात १ ते ३ मिलिग्रॅमने, झोपायच्या ३० ते ६० मिनिटं आधी, परिणाम पाहून हळूहळू वाढ. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या पुढे नाही. हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करायचं.

साधी, लगेच विरघळणारी गोळी झोप लागायला मदत करते. मध्यरात्रीच्या जागेवर तिचा फारसा उपयोग नाही, कारण तोवर ती उतरलेली असते. त्यासाठी हळूहळू सुटणारी गोळी असते. युरोपात ती २ ते १८ वर्षांच्या स्वमग्न मुलांसाठी २०१८मध्ये मंजूर झाली. ती चुरून दिली तर साध्या गोळीसारखीच वागते, म्हणून गिळता न येणाऱ्या मुलाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नका: २०१७मध्ये कॅनडात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा काहींत छापलेल्यापेक्षा ८३ टक्के कमी, तर काहींत ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं. सकाळी सुस्ती, डोकेदुखी, चिडचिड दिसली तर मात्रा किंवा वेळ चुकते आहे. आणि गोळी देऊन मुलाला उजेडात मोबाइल दिला, तर गोळी वाया गेली असं समजा.

सर्दीच्या औषधाने मूल पेंगतं म्हणून ते झोपेसाठी देणं बंद करा. काही मुलं त्याने उलट पिसाळल्यासारखी होतात, आणि ज्यांना चालतं त्यांनाही थोड्याच दिवसांत ते लागू पडेनासं होतं.

मोठ्यांची झोप

दोघांनीही रात्रभर अर्धवट जागं राहणं ही सगळ्यात महाग व्यवस्था. रात्र दोन पाळ्यांत वाटा: एकाची १० ते २.३०, दुसऱ्याची २.३० ते ७. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, कानात बोळे घालून झोपायचं आणि रडणं ऐकूनही उठायचं नाही. सलग चार-साडेचार तास मिळाले तर माणूस दिवस काढू शकतो. तुटक सात तासांत ते होत नाही. एकट्या पालकाने आठवड्यातून एक रात्र तरी कुणा नातेवाइकाला किंवा मित्राला बोलवावं, आणि त्या रात्री घर न आवरता झोपावं. त्या माणसासाठी चित्रांची पट्टी, ते एक ठरलेलं वाक्य आणि खुर्चीची सध्याची जागा कागदावर लिहून ठेवा.

भावंडांना काय चाललं आहे ते खरं सांगा, आणि किती दिवस चालेल तेही. खुर्चीच्या दिवसांत त्यांची झोपायची जागा बदलता आली तर बदला, आणि त्यांच्यासाठी रोज वीस मिनिटं अशी ठेवा की ज्यात या विषयाचं नाव निघणार नाही.

वाहन चालवताना डोळे मिटत असतील, मुलाला हिसका देण्याइतका राग येत असेल, तर त्या क्षणी मुलाला सुरक्षित जागी ठेवून खोलीबाहेर या, दार ओढून घ्या, पाच मिनिटं बसा. रडणाऱ्या मुलाला त्याने अपाय होत नाही. असं वारंवार होत असेल तर स्वतःसाठी डॉक्टर गाठा.

घडी मोडली तर

ताप, प्रवास, लांब सुट्टी, नवी शाळा, घडी मोडणारच. आजारपणात सगळे नियम बाजूला ठेवून मुलाला जवळ घ्या. बरं झाल्यावर मूळ जागी एकदम उडी मारू नका: तीन रात्री पुन्हा वही लिहा, झोप लागायची नवी सरासरी काढा, तिथून १५-१५ मिनिटांनी अलीकडे या, खुर्ची एक जागा मागे आणून तिथून सुरू करा. दुसऱ्या खेपेला सहसा निम्मे दिवस लागतात. प्रवासाला निघताना चित्रांची पट्टी, रोजची उशी, न धुतलेली चादर आणि एकसुरी आवाजाचं साधन सोबत घ्या.

सहा आठवडे नेमाने करूनही वहीतल्या सरासऱ्या हलल्या नाहीत, तर झोपेचे विकार पाहणाऱ्या तज्ज्ञांकडे जा, आणि जाताना वही घेऊन जा.